पाटी आणि टंकयंत्र : टॅबलेटने लॅपटॉपची जागा घेतली का?

१. प्रस्तावना

अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाचा प्रवेश निश्चित झाला की घराघरांत एक प्रश्न हमखास निघतो : लॅपटॉप घ्यायचा की टॅबलेटवर भागेल? टॅबलेट स्वस्त मिळतो, वजनाला हलका असतो, त्याची बॅटरी बराच वेळ टिकते आणि व्हिडिओ व्याख्याने त्यावर छान दिसतात. दुकानदार वर एक छोटा कीबोर्डही दाखवतो. ज्या घरात एकच वस्तू घेण्याइतके पैसे आहेत, तिथे हा प्रश्न आवडीनिवडीचा उरत नाही. पुढची चार वर्षे मुलाला किंवा मुलीला काय करता येईल आणि काय करता येणार नाही, हे त्या एका खरेदीवर बरेचसे ठरते.

सरकारांपुढेही हाच प्रश्न वेळोवेळी आला आहे. तमिळनाडूने २०११ मध्ये विद्यार्थ्यांना मोफत लॅपटॉप देण्यास सुरुवात केली. त्याच वर्षी केंद्र सरकारने ‘आकाश’ हा स्वस्त टॅबलेट पुढे आणला. उत्तर प्रदेशात २०१२ च्या निवडणुकीत बारावी उत्तीर्णांना लॅपटॉप आणि दहावी उत्तीर्णांना टॅबलेट असे आश्वासन दिले गेले. महाराष्ट्रात ‘महाज्योती’ संस्था स्पर्धात्मक प्रवेश परीक्षांची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांना टॅबलेट देते. या प्रत्येक निर्णयामागे, बोलून दाखवलेले असो वा नसो, विद्यार्थ्याने यंत्रावर नेमके काय करायचे आहे याविषयीचे एक गृहीतक असते.

या पाठात आपण त्या गृहीतकाचा इतिहास पाहणार आहोत. नव्या मॉडेलांची तुलना करण्याचा हेतू नाही. ती दर वर्षी बदलते. गेल्या पन्नास वर्षांत टॅबलेटने कोणाची जागा घेतली आणि कोणाची घेऊ शकला नाही, हे तपासायचे आहे.

२. ‘गंभीर काम’ म्हणजे काय? तीन कसोट्या

चर्चेत ‘काम’ हा शब्द फार सैल वापरला जातो. ई-मेल वाचणे हेही काम आणि शंभर पानांचा प्रकल्प अहवाल लिहिणे हेही काम. म्हणून आपण तीन कसोट्या ठरवून घेऊ.

पहिली कसोटी, भरणा : यंत्रात मजकूर, आकडे किंवा आज्ञा मोठ्या प्रमाणावर, वेगाने आणि न थकता भरता येतात का?

दुसरी कसोटी, मांडणी : संदर्भ, तक्ता आणि लेखन असे दोन-तीन कागद एकाच वेळी समोर पसरून ठेवता येतात का? एकातून दुसऱ्यात मजकूर सहज नेता येतो का?

तिसरी कसोटी, मुभा : त्या यंत्रावर आपल्याला हवा तो प्रोग्राम बसवता येतो का? आणि मुख्य म्हणजे, नवा प्रोग्राम त्याच यंत्रावर लिहून चालवता येतो का?

पुढचा सगळा इतिहास या तीन कसोट्यांवर घासून पाहू.

३. कल्पनेतले यंत्र : डायनाबुक

टॅबलेटचा इतिहास सांगताना बहुतेक जण अ‍ॅलन के यांच्यापासून सुरुवात करतात. के यांनी १९६८ च्या सुमारास वहीएवढ्या संगणकाची कल्पना मांडली आणि त्याचा पुठ्ठ्याचा नमुनाही केला. पुढे झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात असताना, १९७२ मध्ये, त्यांनी ‘सर्व वयांच्या मुलांसाठी वैयक्तिक संगणक’ या आशयाच्या शीर्षकाचा निबंध लिहिला. त्या यंत्राला त्यांनी नाव दिले डायनाबुक.

या निबंधातील दोन गोष्टी नीट पाहण्यासारख्या आहेत. पहिली, चित्रातल्या डायनाबुकला पडदा आणि कीबोर्ड दोन्ही आहेत. आज आपण ज्याला टॅबलेटचा मूळपुरुष म्हणतो, त्याच्या जनकाने कीबोर्ड वगळलेला नव्हता. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. निबंधातील दोन मुले आपापल्या डायनाबुकवर अवकाशयानांच्या लढाईचा खेळ खेळत असतात. खेळता खेळता त्यांना वाटते की यात सूर्य हवा, आणि त्याचे गुरुत्वाकर्षणही हवे. मग खेळाचा प्रोग्राम बदलण्याच्या खटपटीत त्यांना भौतिकशास्त्र शिकावे लागते. म्हणजे के यांच्या दृष्टीने यंत्राचे सामर्थ्य आपल्या तिसऱ्या कसोटीत होते. वाचणारा आणि लिहिणारा वेगळा राहू नये, खेळणाऱ्यालाच खेळ बदलता यावा, हे त्यांचे ध्येय होते.

तसे यंत्र बनवण्याचे तंत्र तेव्हा उपलब्ध नव्हते. १९७३ मध्ये झेरॉक्सच्या केंद्रात तयार झालेला ‘आल्टो’ हा टेबलाजवळ ठेवायचा संगणक होता. के त्याला तात्पुरता डायनाबुक म्हणत. आल्टोतील खिडक्या आणि माऊस पुढे सगळ्या जगात पोहोचले. वही मात्र मागे राहिली.

४. टंकयंत्राचा वंश : लॅपटॉप

दुसऱ्या बाजूला लॅपटॉपचा वंश वेगळ्या गरजेतून वाढला. १९७९ मध्ये ‘व्हिजिकॅल्क’ आले आणि हिशेबाचा तक्ता संगणकावर मांडता येऊ लागला. ‘वर्डस्टार’सारख्या प्रोग्रामांनी टंकलेखन सोपे केले. ही दोन कामे ज्यांना रोज करावी लागत, त्यांना यंत्र बरोबर न्यायचे होते.

१९८१ मधील ‘ऑस्बॉर्न १’ सुमारे ११ किलो वजनाचा होता. त्याचा पडदा अवघा पाच इंचांचा होता आणि त्याला स्वतःची बॅटरी नव्हती. तरीही तो विकला गेला, कारण त्याच्यासोबत लेखनाचा आणि तक्त्यांचा प्रोग्राम मिळत असे. १९८२ च्या ‘ग्रिड कंपास’ने बिजागरीने मिटणारा पडदा आणला. बिल मॉग्रिज यांनी आखलेला हा आकार आजही लॅपटॉपमध्ये टिकून आहे. १९८३ च्या ‘टीआरएस-८० मॉडेल १००’वर फक्त आठ ओळी दिसत. पण तो चार साध्या सेलवर चालत असे आणि त्याचा कीबोर्ड चांगला होता. वार्ताहर त्यावर बातमी लिहून टेलिफोनच्या तारेवरून कचेरीत पाठवत. १९९१ मध्ये अ‍ॅपलच्या ‘पॉवरबुक’ने कीबोर्ड मागे सरकवून पुढे हात टेकायला जागा केली.

हा क्रम काय सांगतो? पडदा लहान चालला, वजन जास्त चालले, बॅटरी नसली तरी चालली. कीबोर्ड मात्र कोणी सोडला नाही. लॅपटॉप हा टंकयंत्राचा वारस आहे. आपल्याकडेही सरकारी लिपिक-टंकलेखक पदासाठी मराठी ३० आणि इंग्रजी ४० शब्द प्रतिमिनिट हा निकष टंकयंत्राच्या काळातून संगणकाच्या काळात तसाच आला. यंत्र बदलले, भरण्याची कसोटी बदलली नाही.

५. पेनाचा काळ : १९८९ ते २००२

टॅबलेट बाजारात प्रथम आला तो पेन घेऊन. १९८९ मध्ये आलेल्या ‘ग्रिडपॅड’मागे जेफ हॉकिन्स यांची कल्पना होती. उभ्याने फॉर्म भरणारे लोक, म्हणजे तपासणीस, गोदामातले कर्मचारी, फिरते प्रतिनिधी, हे त्याचे गिऱ्हाईक. सुटी सुटी अक्षरे पेनाने लिहिली की यंत्र ती ओळखत असे. चिमट्याच्या पॅडवर कागद लावून जे काम चाले, तेच काम आता पडद्यावर होऊ लागले. या यंत्राने कागद हटवला. टेबलावरच्या संगणकाला धक्का लागला नाही.

१९९३ मध्ये अ‍ॅपलने ‘न्यूटन’ आणला आणि दावा मोठा केला : तुमचे जोडाक्षर यंत्र वाचेल. सुरुवातीला ते इतके चुकीचे वाचत असे की वर्तमानपत्रांतील व्यंगचित्रमालेतही त्याची टर उडवली गेली. पुढच्या आवृत्त्यांत सुधारणा झाली, पण १९९८ मध्ये न्यूटन बंद झाला. दरम्यान हॉकिन्स यांनी १९९६ च्या ‘पाम पायलट’मध्ये उलटा मार्ग घेतला. यंत्राने माणसाचे अक्षर शिकण्याऐवजी माणसानेच यंत्राला कळेल अशी सोपी लिपी शिकावी, असे त्यांनी ठरवले. ते चालले, पण पाम पायलटनेही जागा घेतली ती खिशातल्या डायरीची.

मग मायक्रोसॉफ्ट मैदानात उतरली. नोव्हेंबर २००१ मध्ये लास वेगास येथील कॉमडेक्स प्रदर्शनात बिल गेट्स यांनी भाकीत केले की पाच वर्षांत टॅबलेट हा अमेरिकेत सर्वाधिक विकला जाणारा संगणक असेल. २००२ मध्ये ‘टॅबलेट पीसी’ बाजारात आले. ते पूर्ण संगणक होते. तिसऱ्या कसोटीवर त्यांना पैकीच्या पैकी गुण द्यावे लागतील. पण ते महाग आणि जड होते, आणि त्यांवरचे प्रोग्राम माऊससाठी आखलेले होते. त्या प्रकल्पातील अधिकारी डिक ब्रास यांनी २०१० मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये लिहिले की कंपनीतल्याच ऑफिस प्रोग्रामांच्या प्रमुखाने पेनासाठी बदल करून देण्यास नकार दिला होता. भाकीत खोटे ठरले. पेन हातात होते, पण कामाची सगळी हत्यारे टंकयंत्राच्या घराण्यातली होती.

६. बंगळूरुचा प्रयोग : सिंप्युटर

याच काळात भारतात एक स्वतंत्र विचार चालू होता. बंगळूरुच्या भारतीय विज्ञान संस्थेतील काही संगणकशास्त्रज्ञ आणि ‘एन्कोर सॉफ्टवेअर’ कंपनीतील अभियंते यांनी मिळून ‘सिंप्युटर’ आखला. १९९९ मध्ये त्यासाठी न्यास स्थापन झाला आणि २००१ मध्ये नमुना लोकांपुढे आला. लिनक्सवर चालणारे, तळहाताएवढे, पडद्याला स्पर्श करून वापरायचे हे यंत्र होते. निरक्षर माणसालाही माहिती मिळावी म्हणून भारतीय भाषांतील मजकूर वाचून दाखवण्याची सोय त्यात होती. यंत्र विकत घेणे परवडत नसेल तर गावाने एक घ्यावे आणि प्रत्येकाने आपली माहिती स्वतःच्या स्मार्ट कार्डावर ठेवावी, अशीही कल्पना होती. यंत्राचा आराखडा परवान्याच्या अटींवर खुला ठेवला होता.

२००४ मध्ये भारत इलेक्ट्रॉनिक्सने बनवलेला ‘अमिडा सिंप्युटर’ बाजारात आला. सुमारे दहा हजार रुपयांपासून पुढे त्याची किंमत होती. विक्री काही हजारांच्या पुढे गेली नाही. भ्रमणध्वनी झपाट्याने स्वस्त होत होते आणि त्या पैशांत जुना का होईना, पूर्ण संगणक मिळत होता.

तरी सिंप्युटरला केवळ फसलेला प्रयोग म्हणून निकालात काढू नये. त्याच्या कर्त्यांनी लॅपटॉपशी स्पर्धा लावलीच नव्हती. ज्याच्याकडे काहीच नाही, त्याच्या हाती काय द्यावे, हा त्यांचा प्रश्न होता. हाच प्रश्न दहा वर्षांनी ‘आकाश’च्या रूपाने परत आला.

७. आयपॅड आणि ‘मालमोटारी’चा दाखला

२७ जानेवारी २०१० रोजी स्टीव्ह जॉब्स यांनी आयपॅड दाखवला. तो बोटाने चालत होता आणि त्याची बॅटरी सुमारे दहा तास पुरत होती. फोन आणि लॅपटॉप यांच्यामध्ये तिसऱ्या वस्तूला जागा आहे का, असा प्रश्न त्यांनी उभा केला. ती वस्तू काही कामांत दोन्हींपेक्षा सरस असेल तरच तिला अर्थ आहे, असे सांगून त्यांनी कामांची यादी दिली : जाल पाहणे, ई-मेल, छायाचित्रे, व्हिडिओ, संगीत, खेळ आणि पुस्तके. ई-मेल सोडले तर यादीतील सगळ्या गोष्टी पाहण्या-ऐकण्याच्या आहेत. त्याच दिवशी कीबोर्डचा स्टँड आणि लेखनाचे, तक्त्यांचे अ‍ॅपही जाहीर झाले, पण मुख्य भर कुठे होता हे स्पष्ट आहे.

त्याच वर्षी जूनमध्ये एका परिषदेत जॉब्स यांनी दाखला दिला. देश शेतीप्रधान होता तेव्हा सगळ्या मोटारी मालमोटारी होत्या. लोक शहरांत आले तशा साध्या मोटारी वाढल्या. संगणक हे मालमोटारींसारखे राहतील, लागतील, पण थोड्यांनाच. दाखला मार्मिक आहे. मात्र त्यात एक गोष्ट सांगायची राहून गेली. पहिला आयपॅड सुरू करायचा तर तो आधी संगणकाला जोडावा लागत असे. ही अट ऑक्टोबर २०११ मध्ये सुटली. म्हणजे दीड वर्ष ही मोटार मालमोटारीच्या दोरीला बांधलेली होती.

तीन कसोट्या लावून पाहा. भरणा : पडद्यावरचा कीबोर्ड उघडला की पडद्याचा मोठा भाग झाकला जातो आणि बोटांना कळांचा स्पर्श मिळत नाही. मांडणी : एका वेळी एकच अ‍ॅप. मुभा : अ‍ॅपलच्या दुकानातून येईल तेच बसवता येणार, आणि आयपॅडचे अ‍ॅप आयपॅडवर बनवता येत नव्हते, त्यासाठी मॅक लागत असे. के यांच्या निबंधातल्या मुलांना या यंत्रावर खेळ छान खेळता आला असता. सूर्य घालता आला नसता.

८. आकाश : स्वस्त पाटीचे स्वप्न

५ ऑक्टोबर २०११ रोजी दिल्लीत केंद्रीय मंत्री कपिल सिब्बल यांनी ‘आकाश’चे अनावरण केले. ‘डेटाविंड’ कंपनीने तो सरकारला सुमारे सव्वादोन हजार रुपयांना दिला होता. सात इंची पडदा, ३६६ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, २५६ मेगाबाइट स्मृती आणि अँड्रॉइड २.२ अशी त्याची रचना होती. पडदा दाब ओळखणारा होता, त्यामुळे बोट टेकवून भागत नसे, दाबावे लागे. यंत्र मंद चालते आणि बॅटरी लवकर संपते, अशा तक्रारी लगेच आल्या.

पुढच्या वर्षी प्रकल्प मुंबईच्या आयआयटीकडे आला आणि प्राध्यापक दीपक फाटक यांनी त्याला वेगळे वळण दिले. ११ नोव्हेंबर २०१२ रोजी राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते ‘आकाश २’ सादर झाला. एक गिगाहर्ट्झचा प्रोसेसर आणि ५१२ मेगाबाइट स्मृती ही सुधारणा होतीच, पण खरी गोष्ट सॉफ्टवेअरची होती. आयआयटीतील गटाने सी, सी++, पायथन आणि सायलॅबचे प्रोग्राम त्या टॅबलेटवर लिहून चालवण्याची सोय केली. त्यावर लिनक्स चालवण्याचेही प्रयत्न झाले. देशभरातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतील हजारो शिक्षकांचे प्रशिक्षण झाले.

आपल्या चर्चेत या टप्प्याला मोठे महत्त्व आहे. सव्वादोन हजारांच्या वर्गातले यंत्र भरण्याच्या आणि मांडणीच्या कसोटीवर नापास होते. पण तिसऱ्या कसोटीवर ते त्या काळच्या आयपॅडच्या पुढे होते. टॅबलेटवर प्रोग्राम लिहिता येणे वा न येणे हा निसर्गनियम नाही, तो बनवणाऱ्याचा निर्णय आहे, हे या प्रकल्पाने दाखवले.

पुढे दोन-तीन वर्षांत योजना थंडावली. मोठ्या पडद्याचे स्वस्त अँड्रॉइड फोन आले आणि आकाशची बरीचशी उपयुक्तता त्यांनी खिशात आणून ठेवली. जगभरातही टॅबलेटची विक्री २०१४ च्या सुमारास शिखरावर पोहोचून उतरू लागली. लॅपटॉपची जागा घ्यायला निघालेल्या टॅबलेटची जागा फोनने घेतली, असे गमतीने म्हणता येईल.

९. टॅबलेट जिथे खरोखर जिंकला

टॅबलेटचे यश पाहायचे तर कचेरीच्या टेबलावरून नजर हलवावी लागते.

जून २०११ मध्ये त्रिपुरातील हेझामारा येथून सामाजिक-आर्थिक व जातनिहाय जनगणना सुरू झाली. प्रगणक घरोघरी जात आणि सोबतचा डेटा एंट्री ऑपरेटर टॅबलेटवर उत्तरे भरत असे. हे टॅबलेट भारत इलेक्ट्रॉनिक्सने बनवले होते. सिंप्युटर बनवणारी हीच कंपनी, हे लक्षात घ्या. राष्ट्रीय लोकसंख्या नोंदवहीतील माहिती त्यांत आधीच भरलेली असे. देशभर लाखो कागदी फॉर्म छापणे, गोळा करणे आणि नंतर कचेरीत बसून संगणकात भरणे, यातला मोठा टप्पा त्यामुळे टळला.

दुसरे उदाहरण विमानाचे. नकाशे आणि पुस्तिका यांनी भरलेली सुमारे १६ किलोची बॅग वैमानिकाला बरोबर न्यावी लागे. अमेरिकन एअरलाइन्सने २०१३ मध्ये ती बॅग हटवून तिच्या जागी आयपॅड आणला.

ग्रिडपॅड, जनगणनेचा टॅबलेट, विमानातला आयपॅड : तिन्ही ठिकाणी हटला तो कागद. उभ्याने, चालताना, एका हातात धरून पाहायचे, खूण करायची, ठरावीक चौकटीत थोडे भरायचे, अशा कामांत टॅबलेटला तोड नाही. आमच्या वर्गात जे विद्यार्थी पेन असलेला टॅबलेट वापरतात, त्यांच्या स्थितिकीच्या आकृत्या आणि गणिताच्या पायऱ्या पाहण्यासारख्या असतात; तिथे लॅपटॉपचा कीबोर्ड निरुपयोगी ठरतो. टॅबलेट हा पाटीचा वारस आहे, आणि पाटीची कामे तो उत्तम करतो.

१०. टॅबलेट लॅपटॉप होऊ लागतो

तरी कंपन्यांना पाटीची बाजारपेठ पुरेशी वाटली नाही. मायक्रोसॉफ्टने २०१२ मध्ये ‘सरफेस आरटी’ आणला. दिसायला तो विंडोज होता, पण जुने विंडोज प्रोग्राम त्यावर बसत नव्हते. २०१३ मध्ये कंपनीला त्यापोटी ९० कोटी डॉलरचा तोटा हिशेबात दाखवावा लागला. तिसरी कसोटी चुकवण्याची ही किंमत. मे २०१४ मध्ये ‘सरफेस प्रो ३’ आला तो थेट घोषणा घेऊन : लॅपटॉपची जागा घेऊ शकणारा टॅबलेट. त्यात पूर्ण विंडोज होते, मागे टेकू होता आणि जोडायचा कीबोर्ड होता. मात्र कीबोर्डचे पैसे वेगळे.

अ‍ॅपलने नोव्हेंबर २०१५ मध्ये आयपॅड प्रो आणला. टिम कुक यांनी तेव्हा विचारले की यापुढे कोणी संगणक विकत का घ्यावा? हिशेब करून पाहू. अमेरिकेत यंत्र ७९९ डॉलर, कीबोर्ड १६९ डॉलर, पेन ९९ डॉलर. एकूण १०६७ डॉलर. त्याच वेळी अ‍ॅपलचाच ११ इंची मॅकबुक एअर ८९९ डॉलरला मिळत होता. कीबोर्ड जोडला की दोघांच्या वजनातही फारसा फरक उरत नव्हता. टॅबलेटचे दोन मूळ गुण, स्वस्ताई आणि हलकेपणा, लॅपटॉपचे काम करायला लावताच नाहीसे झाले.

पुढची वर्षे पाहा. २०१५ मध्ये दोन अ‍ॅप शेजारी शेजारी उघडता आले. २०१७ मध्ये फाइली ठेवण्याचे अ‍ॅप आले. २०२० मध्ये माऊस आणि ट्रॅकपॅड पूर्णपणे चालू लागले. २०२१ मध्ये मॅकमधलाच एम१ प्रोसेसर आयपॅड प्रोमध्ये बसला, आणि साधी अ‍ॅप आयपॅडवरच बनवून दुकानात पाठवण्याची सोय झाली. २०२५ मध्ये मॅकसारख्या हलवता येणाऱ्या खिडक्या आणि वर मेन्यूची पट्टी आली. प्रत्येक पायरीवर टॅबलेटने लॅपटॉपचा एक अवयव धारण केला. तरीही अ‍ॅपल ज्या प्रोग्रामातून आपली मोठी अ‍ॅप बनवते, तो एक्सकोड आयपॅडवर चालत नाही. प्रोसेसर तोच, पण मुभा नाही.

शाळांतील एक अनुभवही नोंदवण्यासारखा आहे. अमेरिकेतील मेन राज्य २००२ पासून सातवीच्या विद्यार्थ्यांना लॅपटॉप देत आले. २०१३ नंतर तेथील अनेक शाळांनी आयपॅड निवडले. २०१६ मध्ये पाहणी केली तेव्हा बहुसंख्य शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी लॅपटॉपला पसंती दिली. लेखनाला आणि प्रोग्रामिंगला आयपॅड अपुरा पडतो, आणि वर्गात त्याचे खेळणे होते, अशी शिक्षकांची तक्रार होती. राज्याने शाळांना आयपॅड परत देऊन लॅपटॉप घेण्याची मुभा दिली.

११. दुसरी बाजू

इथे टॅबलेटच्या बाजूने दोन मुद्दे प्रामाणिकपणे मांडले पाहिजेत.

पहिला मुद्दा आपल्या भाषांचा. भारतात विकल्या जाणाऱ्या बहुतेक लॅपटॉपच्या कळांवर रोमन अक्षरेच असतात. मराठी टंकन शिकण्यासाठी इनस्क्रिप्टची मांडणी पाठ करावी लागते, आणि ते सगळ्यांना जमत नाही. पडद्यावरच्या कीबोर्डला मात्र कोणतीही लिपी धारण करता येते. २०१७ मध्ये गूगलने मराठीसह आणखी आठ भारतीय भाषांत बोलून टंकन करण्याची सोय दिली. ज्यांनी आयुष्यात लॅपटॉपवर एक ओळ मराठी लिहिली नव्हती, असे लाखो लोक स्पर्शाच्या पडद्यावर रोज मराठी लिहितात. भरण्याची कसोटी इंग्रजीत जितकी लॅपटॉपच्या बाजूने झुकते, तितकी मराठीत, तमिळमध्ये किंवा बंगालीत झुकत नाही.

दुसरा मुद्दा दूरच्या संगणकाचा. ‘कोलॅब’सारख्या सेवेत पायथनचा प्रोग्राम ब्राउझरमध्ये लिहिता येतो, तो चालतो दूरच्या यंत्रावर. त्यामुळे साध्या टॅबलेटवरूनही यंत्र-शिक्षणाचे प्रयोग होतात. पण त्यासाठी अखंड आणि परवडणारे इंटरनेट लागते. शिवाय प्रयोगशाळेतला मायक्रोकंट्रोलरचा बोर्ड केबलने जोडायचा असेल, सर्किट-रचनेची मोठी सॉफ्टवेअर चालवायची असतील, तर समोर पूर्ण संगणकच लागतो.

१२. निष्कर्ष

टॅबलेटने लॅपटॉपची जागा घेतली का? इतिहासाचे उत्तर असे आहे : टॅबलेट म्हणून नाही. टॅबलेटने कागदाची, डायरीची, नकाशांच्या बॅगेची आणि पाटीची जागा घेतली, आणि ती चांगली घेतली. लॅपटॉपची जागा जिथे घेतली, तिथे तो कीबोर्ड, ट्रॅकपॅड, खिडक्या आणि फाइली घेऊन स्वतःच लॅपटॉप झाला, आणि लॅपटॉपच्याच किमतीला जाऊन पोहोचला.

भरण्याची आणि मांडणीची कसोटी काळाबरोबर सुटत गेली आहे. उरते ती मुभेची कसोटी. तिचे उत्तर काच किंवा सिलिकॉन देत नाही. कंपनी, सरकार आणि ग्राहक मिळून देतात. अ‍ॅलन के यांचे १९७२ चे यंत्र आणि २०१२ चा आकाश एका बाजूला होते, आणि जगातले कितीतरी महागडे टॅबलेट दुसऱ्या बाजूला.

म्हणून उत्तर प्रदेशात २०१३ साली बारावी उत्तीर्णांना लॅपटॉप वाटले गेले आणि २०२१ च्या अखेरीस त्याच राज्यात विद्यार्थ्यांना टॅबलेट व स्मार्टफोन देण्यास सुरुवात झाली, हा फरक केवळ खर्चाचा मानू नये. व्याख्याने ऐकायला आणि सराव प्रश्न सोडवायला टॅबलेट पुरेसा आहे. परंतु ज्याच्याकडे दुसरे यंत्र नाही, त्याला आपण फक्त पाहण्याचे यंत्र दिले, तर तो चांगला प्रेक्षक होईल. श्रीमंत घरातल्या मुलाकडे दोन्ही असतात : वाचायला पाटी, घडवायला टंकयंत्र. एकाच यंत्रावर भागवणाऱ्या मुलासाठी निवड करताना ते घडवण्याचे यंत्र असावे, मग ते जुने, वापरलेले आणि जड का असेना. ऑस्बॉर्न ११ किलोचा होता आणि तरीही लोकांनी तो उचलून नेला, यामागचे कारण हेच होते.

विचारार्थ प्रश्न

१. तुमच्या मागील सत्रातील कामांची यादी करा. प्रत्येक काम भरणा, मांडणी आणि मुभा यांपैकी कोणत्या कसोटीवर अवलंबून होते ते लिहा.

२. ‘आकाश २’वर प्रोग्राम लिहिता येत होता, तरीही तो विद्यार्थ्यांचा मुख्य संगणक का होऊ शकला नाही? तीन कारणे द्या.

३. तुमच्या मातृभाषेत दहा ओळींचा परिच्छेद लॅपटॉपच्या कीबोर्डवर, टॅबलेटच्या पडद्यावर आणि बोलून, असा तीन प्रकारे लिहा. लागलेला वेळ व चुका यांची तुलना करा.

४. तुमच्या राज्य सरकारला विद्यार्थ्यांसाठी एकच यंत्र निवडायचे आहे. या पाठातील किमान तीन ऐतिहासिक उदाहरणांच्या आधारे दोनशे शब्दांत शिफारस लिहा.